लाल ॲग्लोनिमा हिरवा का पडला, आणि उत्तरेच्या खिडकीत काय लावावं

पुण्यातल्या वाकडच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलला उत्तरेची मोठी खिडकी, स्वयंपाकघराला लागून पश्चिमेची छोटी बाल्कनी. दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून चार झाडं आणली: लाल ॲग्लोनिमा, कॅलेथिया, गुलाबी सिंगोनियम आणि मनी प्लांट. चारही हॉलमध्ये टीव्हीच्या युनिटजवळ ठेवली. रोज सकाळी प्रत्येकाला फुलपात्रभर पाणी आणि महिन्याकाठी मूठभर शेणखत. आता मार्चअखेर ॲग्लोनिमाची नवी पानं हिरवट येतायत आणि दांडे लांबलेत, कॅलेथियाच्या कडा करपल्यात, सिंगोनियम मलूल झालंय, मनी प्लांट तेवढा मजेत आहे. या घरात टिकतील अशा जाती कुठल्या आणि आपलं चुकलं काय, असं त्यांनी विचारलंय.

ऑफिसं आणि हॉटेलच्या लॉब्यांना पानांची झाडं भाड्याने देणं आणि त्यांची निगा राखणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. लॉबीत लिफ्टशेजारी जो टवटवीत लाल ॲग्लोनिमा दिसतो, तो तिथे वाढत नसतो. थोड्या दिवसांनी आमची माणसं टेम्पो घेऊन येतात, तो उचलून शेडमध्ये नेतात आणि तिथून दुसरा आणून ठेवतात. तो बघून माणूस म्हणतो, इथे एवढा छान राहतो तर माझ्या हॉलमध्ये का नाही राहणार? राहील, तीन-चार आठवडे. मग त्यालाही सुट्टीवर पाठवावं लागतं, आणि घरी ती सोय नसते.

तुमची खरी अडचण कुठली जात घ्यावी ही नाही. टीव्हीजवळची ती जागा किती झाडांना परवडते, हा प्रश्न आहे. आपण 'इनडोअर प्लांट' म्हणतो, पण घरात उगवणारं झाड निसर्गात नसतंच. ही सगळी मंडळी उष्ण कटिबंधातल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेली. त्या सावलीची सवय म्हणून ती घरात तग धरतात. पण जंगलातली सावली आणि आपल्या हॉलमधली सावली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भरदुपारी उघड्यावर साधारण लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. नर्सरीच्या ७५ टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली त्यातला वीस-पंचवीस हजार उरतो. तुमच्या उत्तरेच्या खिडकीच्या काचेला लागून दोन ते पाच हजार मिळेल आणि दहा फूट आत टीव्हीजवळ शंभर-दोनशे. आपल्या डोळ्यांना हा फरक कळतच नाही, कारण बाहुली मोठी होऊन भरपाई करते. मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं. आकडा अगदी अचूक येत नाही, पण एका घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरतो. मोजताना फोन पानाच्या उंचीवर, खिडकीकडे तोंड करून धरा. सकाळी अकराच्या सुमारास मोजा आणि दिवे बंद ठेवा.

आता जातींकडे येऊ. नर्सरीत लोक नाव विचारतात. मी आधी पानात हिरवं किती आहे ते बघतो, कारण झाडाचं अन्न हिरव्या भागातच तयार होतं. पान पांढरं किंवा गुलाबी जितकं जास्त, तितकं कमावणारं अंग कमी आणि तितकाच उजेड जास्त लागणार. एकाच ॲग्लोनिमाच्या घराण्यात दोन टोकं सापडतात. 'सिल्व्हर क्वीन' किंवा 'मारिया' यांसारखे जुने हिरवे-चंदेरी प्रकार हजार लक्सच्या आसपास वर्षानुवर्षं सुखात राहतात. 'रेड लिपस्टिक', 'स्नो व्हाइट' किंवा बाजारात येणारे भडक गुलाबी प्रकार यांना माझ्या अनुभवात दिवसातले चार-सहा तास चार-पाच हजार लक्स तरी हवेत. दोघांच्या कुंडीवर चिठ्ठी मात्र एकच: 'ॲग्लोनिमा, इनडोअर, लो लाइट'.

हे लाल प्रकार तसे नवेच आहेत. ॲग्लोनिमा मुळात आग्नेय आशियातला, आणि बराच काळ बाजारात हिरवा आणि चंदेरीच मिळायचा. इंडोनेशियातल्या बोगोरचे वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रेगोरी हंबाली यांनी १९८०च्या दशकात सुमात्रातल्या लालसर छटेच्या 'रोटंडम' या जातीचा संकर करून 'प्राइड ऑफ सुमात्रा' तयार केला. पुढे थायलंडच्या लोकांनी त्या वाटेवर रंगांची जत्राच भरवली. पानातला लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि ते तयार व्हायला उजेड लागतो. तुमचं झाड आजारी नाही. त्याने हिशेब केला: इथे उजेड नाही, तर रंगावर खर्च कशाला, हिरवं वाढवूया. लांबलेले दांडे म्हणजे खिडकीकडे जायची धडपड. गुलाबी सिंगोनियमलाही रंगासाठी असाच उजेड लागतो.

इथे एक पोटभेद लक्षात ठेवा, कारण त्यावर पैसे वाया जातात. पांढऱ्या-गुलाबी डागांच्या काही जातींत तो रंग पेशींच्या दोन थरांच्या मिश्रणातून येतो, 'पिंक प्रिन्सेस' फिलोडेंड्रॉन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिथे एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली की मागच्या रंगीत पेराशी छाटावी लागते, नाहीतर हिरवी फांदी जोर करते आणि झाड हिरवंच होतं. मॉन्स्टेरा 'आल्बो'चंही तसंच, तर 'थाय कॉन्स्टेलेशन'चे ठिपके बऱ्यापैकी स्थिर असतात. 'पिंक काँगो' नावाने जे झाड विकलं जायचं, त्याचा गुलाबी रंग रसायनं देऊन आणलेला असायचा आणि काही महिन्यांत नवी पानं हिरवी यायची. ते प्रकरण बरंच गाजलं, तरी अजून कोणी गळ्यात मारू बघेल. चंदेरी रंगाची गोष्ट आणखी वेगळी. बिगोनियासारख्या काही झाडांत पानाच्या सालीखाली हवेची पोकळी असल्यामुळे पान चंदेरी दिसतं आणि खालचं हिरवं शाबूत असतं. म्हणून चंदेरीला पांढऱ्याच्या रांगेत बसवू नका.

दिवाळी आणि उत्तरेची खिडकी या जोडीचाही तुमच्या झाडांना फटका बसलाय. पुण्याच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन अजिबात येत नाही. एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन यायला लागतं आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे तुम्ही झाडं आणली आणि त्या खिडकीचे वर्षातले सगळ्यात अंधारे महिने सुरू झाले. त्यात थंडी. ॲग्लोनिमाला रात्री तापमान १३ अंशांच्या खाली गेलेलं सोसत नाही, पानावर तेलकट करडे डाग पडतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत उघड्या खिडकीशी एवढी थंडी सहज होते. शक्य असेल तर अशी झाडं पहिल्या एक-दोन पावसांनंतर, जून-जुलैत घ्यावीत. हवेत दमटपणा असतो, झाड वाढीच्या मूडमध्ये असतं आणि नव्या जागेशी जुळवून घ्यायला त्याला तीन-चार महिने मिळतात.

आता पाणी. 'रोज फुलपात्रभर' ही सवय आधी बंद करा. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, वाढ कमी म्हणजे पाण्याची ओढ कमी. टीव्हीजवळचं झाड ते फुलपात्र संपवूच शकत नाही. शिवाय नर्सरीचं झाड बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं आणि कोकोपीट फसवं असतं. वरून फिकट, कोरडं, भुसभुशीत दिसतं आणि दोन बोटं खाली चिखल असतो. उलट कधी पूर्ण वाळलं तर आक्रसून कुंडीच्या कडा सोडतं, मग ओतलेलं पाणी कडेने थेट बशीत उतरतं आणि मुळं कोरडीच राहतात. म्हणून वार बघून पाणी घालू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, ओल लागली तर थांबा. त्याहून चांगलं म्हणजे कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावरचं वजन आणि तहानलेल्या झाडाचं वजन हाताला पंधरा दिवसांत ओळखू येतं. माझ्याकडची मुलं शेडमध्ये बोट घालत बसत नाहीत, कुंडी कलती करतात आणि पुढे जातात. घालाल तेव्हा मात्र खालच्या भोकातून निघेपर्यंत घाला आणि बशीतलं पाणी ओतून द्या. एप्रिलमध्ये खिडकीजवळच्या ज्या कुंडीला चार-पाच दिवसांनी पाणी लागतं, तिला जुलैच्या झडीत दहा-बारा दिवस लागत नाही.

नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी तशीच शोभेच्या सिरॅमिक कुंडीत ठेवली असेल तर ती आत्ता उचलून बघा. तळाशी पाणी साचलेलं सापडायची दाट शक्यता आहे.

सिंगोनियम मलूल आहे ते बहुधा यामुळेच. ते कुंडीतून काढा. कुंडी आडवी धरून कडा दाबल्या की गोळा अख्खा बाहेर येतो. मुळं पांढरी-पिवळसर आणि टणक असतील तर काळजी नाही, पाणी कमी करा एवढंच. तपकिरी असतील तर एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. कुजलेल्या मुळाची साल हातात येते आणि आत बारीक दोरा उरतो, वासही आंबट येतो. तशी सगळी मुळं कात्रीने कापा. आणखी एक गोष्ट बघा. ॲग्लोनिमा, सिंगोनियम ही झाडं हल्ली बहुतेक टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेली असतात आणि रोप लहान असताना ज्या जाळीत किंवा कागदी कपात वाढवतात, तो कप कधीकधी गोळ्याच्या मध्यभागी तसाच राहतो. खोडाच्या अगदी बुडाशी बोटांनी चाचपलं की पांढरट जाळी लागते. मुळांना इजा न करता निघेल तेवढी सोडवून काढा, त्या गाठीत पाणी धरून राहतं आणि खोड तिथूनच सडतं.

परत लावताना बागेतली काळी माती वापरू नका. घरातल्या उजेडात ती आठ-आठ दिवस वाळत नाही. मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि एक भाग गांडूळखत घेतो, वर मूठभर निंबोळी पेंड. परलाइट महाग वाटलं तर भाताचं तूस चालतं. कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नका, त्यात क्षार असतात. नवी कुंडी जुनीपेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी पडून राहतं. शेणखत घरात नकोच. अर्धवट कुजलेलं असलं की मातीतून बारीक काळी चिलटं निघतात आणि संध्याकाळी टीव्हीसमोर नाचतात. त्याऐवजी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही झाड नवी पानं काढत असेल तेव्हाच.

कॅलेथियाचं दुखणं निराळं आहे, त्याला हवा आणि पाणी दोन्ही बाधलंय. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता कित्येकदा वीस टक्क्यांवर येते. कॅलेथियाला पन्नासच्या वर बरं वाटतं. लोक फवारणी करायला सांगतात. पाच-दहा मिनिटांत ते पाणी उडून जातं आणि झाड होतं तिथेच राहतं. चार-पाच झाडं एकत्र ठेवणं किंवा खिडकी असलेल्या बाथरूममध्ये हलवणं याचा उपयोग जास्त होतो. दुसरं म्हणजे पाण्यातले क्षार. तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर कडा करपणारच. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचं खूळ हल्ली बरंच आहे. त्यात मुळातल्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, कॅलेथियाला ते कधीही घालू नका. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बादलीत धरून ठेवा. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. नवं पान स्वच्छ आलं तर उपाय लागू पडला समजायचं. पुढे कधी कॅलेथियाच घ्यायचा असेल तर 'ऑर्नाटा' आणि 'ऑर्बिफोलिया' या नखरेलांपेक्षा लांब पानांचा 'रॅटलस्नेक' घ्या, तो बराच सोशिक आहे.

हे सगळं पुण्याचं झालं. ठाण्यात, चिपळूणला किंवा पणजीत राहत असता तर कॅलेथियाबद्दल मी एवढा हात आखडता घेतला नसता. तिथे हवा ते काम फुकट करते, फक्त पावसाळ्यात बुरशी सांभाळावी लागते. नागपूरच्या गिऱ्हाइकाला मी वेगळंच सांगतो: उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत झाडं ठेवा, दमट हवा त्यांना मानवते, पण झोत अंगावर येऊ देऊ नका. एसीचं मात्र उलट, तो हवा कोरडी करतो.

तर तुमच्या घरात काय लावावं? उत्तरेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांच्या आत 'सिल्व्हर क्वीन'सारखा हिरवा-चंदेरी ॲग्लोनिमा, हृदयाच्या आकाराच्या पानांचा साधा फिलोडेंड्रॉन आणि जागा असेल तर मॉन्स्टेरा डेलिसिओसा. टीव्हीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात झीझी किंवा स्नेक प्लांट. ही दोन्ही आफ्रिकेची, पाणी साठवून ठेवणारी झाडं. कमी उजेडात ती मरत नाहीत, पण वाढतही नाहीत, त्यामुळे वर्षात चार पानं आली तर नाराज होऊ नका. साधा हिरवा मनी प्लांट तिथे आहेच, त्याच्या वाट्याला जाऊ नका. लाल ॲग्लोनिमा आणि गुलाबी सिंगोनियम पश्चिमेच्या बाल्कनीत न्या, पण ७५ टक्क्यांची हिरवी जाळी बांधल्यावरच, आणि आठ-दहा दिवस आधी बाल्कनीच्या दाराच्या आतल्या बाजूला ठेवून. एप्रिलचं तीन ते सहाचं ऊन हॉलमधून थेट आलेल्या पानाला एका दिवसात भाजून काढतं. पुढची तीन-चार पानं लाल आली की खालची हिरवट काढून टाकता येतील. डिसेंबरमध्ये ते पुन्हा आत घ्या.

नर्सरीत गेल्यावर सगळ्यात मोठं, चकाकणारं झाड उचलू नका. आपल्याकडची बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. ट्रकमधून काल उतरलेलं झाड आणि महिनाभर इथल्या हवेत उभं राहिलेलं झाड यांत दुसरं घ्या, चार पानं कमी असली तरी. माल कधी आला, हे नर्सरीवाल्याला सरळ विचारा, सांगतात. खोड हलवून बघा, डुगडुगत असेल तर मुळं धड नाहीत. पान देठाजवळ जिथे खोडाला मिळतं त्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ते झाड परत ठेवा. पानाच्या मागे बारीक जाळं असेल तर लाल कोळी. पाने चमकायला स्प्रे मारलेला असतो, त्याला भुलू नका, आणि घरी दूध किंवा खोबरेल लावून चमकवूही नका. ओल्या फडक्याने धूळ पुसली की पुरे. घरी आणल्यावर पंधरा दिवस कुंडी बदलू नका. या काळात खालची दोन-तीन पानं पिवळी पडतील. ती नर्सरीच्या उजेडात तयार झालेली पानं असतात, इथल्या कमाईत ती पोसणं झाडाला परवडत नाही.

'हवा शुद्ध करणारं' अशी चिठ्ठी बघून जास्त पैसे देऊ नका. त्या दाव्याचं मूळ १९८९च्या नासाच्या प्रयोगात आहे आणि तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. उघड्या खिडकीतून आपोआप जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं त्यात निघालं. झाड दिसायला आवडतं म्हणून आणा.

घरात रांगतं मूल किंवा मांजर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि त्यावर माझं उत्तर बदलतं. ॲग्लोनिमा, सिंगोनियम, मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, झीझी ही सगळी अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खवखवतो तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण यांच्या पानात असतात. चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते. स्नेक प्लांट त्या कुळातला नाही, पण तोही मांजराच्या पोटाला बाधतो. मूल किंवा मांजर असेल तर ही झाडं हाताला न लागतील अशा उंचीवर ठेवा आणि जमिनीवर स्पायडर प्लांट, एरिका पाम आणि तो तुमचा करपलेला कॅलेथिया ठेवा. तो नखरेल असला तरी निर्विष आहे.